प्रेमाचा शनिवार

पहिलं वर्ष. मेणबत्त्यांचा सण, फेब्रुवारी

आज गढीचे कारभारी हॅमो यांनी मला एक कोरी वही दिली. मेंढीच्या कातड्याची चाळीस पानं, घासून गुळगुळीत केलेली, दोऱ्यानं शिवलेली. एल्मवर्थच्या या चर्चमध्ये मी सहा वर्षं पूजा करतो आहे, पण एवढं कोरं कातडं माझ्या हाती कधी आलं नव्हतं. खरा पाद्री शहरात राहतो आणि चर्चचं उत्पन्न खातो. मी उपाशी मरणार नाही एवढं मागे ठेवतो, ही त्याची कृपा.

"काय लिहू?" मी विचारलं.

"दिसेल ते," हॅमो म्हणाले. "प्रवचनं नकोत. गावानं कुठल्या दिवशी काय केलं, कोण कुठल्या कामाला गेलं, हवा कशी होती. ऑस्बर्ट, या गावात वाचता येणारे आपण दोघंच. एकमेकांना ऊब दिली नाही तर गोठून जाऊ."

मला अगदी भरून आलं. सहा वर्षांत माझ्याशी लॅटिनमधून कुणी साधं 'बरा आहेस का' म्हणालेलं नाही.

दादाला वही दाखवायला गेलो. सीवर्ड माझा थोरला भाऊ. त्यानं एक पान अंगठ्यानं चोळलं, हुंगलं आणि म्हणाला, "एवढ्यात गुनिल्डचे जोडे झाले असते." मग विचारलं, "फुकट दिली?"

"मैत्रीखातर."

"गढीवाले मैत्रीखातर देतात होय? धाकट्या, हरभऱ्याच्या झाडावर चढवतायत तुला. जपून उतर."

गुनिल्डवहिनी फिदीफिदी हसली. मी रागावून घरी आलो. दादाला वाचता येत नाही, म्हणून वाचणाऱ्यांची मैत्री त्याला कळत नाही.

उपासाच्या महिन्यातला तिसरा मंगळवार

हॅमो आले होते. नवकाकरी खेळलो. दगडी ओट्यावर मीच पट कोरला आहे. तिन्ही डाव मी जिंकलो. ते कपाळावर हात मारून म्हणाले, "तुझ्यासारखं डोकं या चिखलात वाया चाललंय." जाताना सहज बोलले, की कोल्डहॅमचा पाद्री फार म्हातारा झाला आहे. कोल्डहॅमचं चर्च गढीच्या धन्याच्या हातातलं; तिथला पाद्री धनीच नेमतो. तिथे दगडी घर आहे आणि सफरचंदांची बाग.

मी सोंगट्या आवरल्या. पण रात्रीच्या प्रार्थनेत सफरचंदं मध्ये मध्ये येत होती, हे इथे कबूल करतो.

मे महिना, प्रभूच्या स्वर्गारोहणानंतरचा सोमवार

दादाचा पाय पुन्हा सुजलाय. आज गढीच्या नांगराला जाताना लंगडत होता.

या पायाविषयी एकदा लिहून टाकतो. आम्ही धन्याची बांधील कुळं. कुळाच्या पोराला शिकायला पाठवायचं तर धन्याची परवानगी लागते. बापानं माझ्यासाठी ती मागितली, तेव्हा आधीच्या कारभाऱ्यानं सांगितलं, एक पोरगा मातीतून काढायचा असेल तर दुसऱ्यानं त्याच्या वाटची वेठ करावी. दादा तेव्हा सोळाचा. "मी करतो," म्हणाला. पाच हिवाळे त्यानं जंगलातून दुप्पट लाकूड ओढलं. चौथ्या हिवाळ्यात ओंडका पायावर आला. मी तेव्हा मठाच्या शाळेत लॅटिनचे धातू चालवत होतो. मला ते ईस्टरला कळलं.

दादा ही गोष्ट कधी काढत नाही. मीही नाही.

ऑगस्ट, नव्या भाकरीच्या सणानंतरचा शनिवार

(हे पान मी एकदा खरवडलं होतं. दोन वर्षांनी पुन्हा जसंच्या तसं लिहिलं आहे. का, ते पुढे येईल.)

आजचा दिवस विसरायचा नाही.

कापणीत सोमवार ते शुक्रवार गढीचे. रविवार देवाचा. गावाच्या वाट्याला शनिवार तेवढा उरतो; त्यात स्वतःचं जव कापायचं, बांधायचं, घरात आणायचं. काल पश्चिमेला आभाळ शाईसारखं झालं आणि धन्याचा अर्धा गहू अजून उभा. संध्याकाळी हॅमो डोक्यावरची टोपी हातात घेऊन दारोदार फिरले. बेचाळीस दारं. प्रत्येक दारात तेच: "एक शनिवार द्याल का? देणं म्हणून नव्हे, प्रेमानं." आमची रीतच तशी आहे. ज्याला वेठीबाहेरचं काम हवं त्यानं उघड्या डोक्यानं दारात यावं. आला तर नाही म्हणत नाहीत.

दादा दारात उभा राहून म्हणाला, "कारभारी, गावात म्हण आहे. एकदा केलं ते प्रेम, दोनदा केली ती सवय, तिसऱ्यांदा केलं की वेठ."

"म्हणून तर एकदाच मागतोय," हॅमो हसले.

आज सगळा गाव उतरला. बायका गाणी म्हणत होत्या. वादळ डोंगराआड गेलं आणि गहू वाचला. संध्याकाळी बांधावर बिअरचं पिंप आलं. पहिला मग भरण्याआधी हॅमोंनी रीतीप्रमाणे विचारलं, "प्रेमानं आलात, की देणं लागता म्हणून?"

"प्रेमानं!" बेचाळीस घरांनी एका दमात सांगितलं. देणं लागून येणाऱ्याला बिअर नसते, प्रेमानं येणाऱ्याला असते.

म्हातारा वुल्नॉथ, वय ऐंशी आणि दात तीन, आपला मग पुढे करून म्हणाला, "प्रेमानं, प्रेमानं. पण बिअर पाणचट निघाली तर प्रेमही तेवढंच पातळ!"

हॅमो डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. असा कारभारी मिळायला भाग्य लागतं.

जानेवारी, तीन राजांच्या सणानंतर

हॅमोंनी वही वाचायला मागितली. मी लाजत दिली. चार दिवसांनी परत आणली ती खुणा करून. माझ्या लॅटिनमधल्या सतरा चुका काढल्या होत्या.

"भाषा गोड आहे," ते म्हणाले, "पण पाल्हाळ फार. कापणीचं हे पान बघ. म्हाताऱ्याचे विनोद, बिअर, आरोळ्या. जुने मठवासी कसं लिहायचे? कुठला दिवस, कुठलं काम, कोण होतं. बस. खरवड आणि नीट लिही."

मला शरम वाटली. खरंच, जत्रेतल्या पोऱ्यासारखं लिहिलं होतं. दुपारी चाकूनं पान खरवडलं, त्यावर खडू चोळला आणि नव्यानं लिहिलं: 'शनिवारी गावानं धन्याचा गहू कापला. सगळी घरं आली. हवा चांगली.' वाचून हॅमो म्हणाले, "वा. हे टिकेल."

दुसरं वर्ष. ऑगस्ट, नव्या भाकरीच्या सणानंतरचा रविवार

हॅमोंच्या पायाचा अंगठा सुजलाय. बिचारे घोड्यावर बसू शकत नाहीत. मला बोलावून म्हणाले, "यंदा दारोदार कसा फिरू? तूच चर्चमध्ये सांगशील का, पुढचा शनिवार गव्हासाठी? तुझ्या शब्दाला मान आहे." मी आज पूजेनंतर सांगितलं. थोडी कुजबुज झाली.

बाहेर दादानं मला थडग्यांजवळ गाठलं. "तो का आला नाही?"

"अंगठा सुजलाय."

"जीभ सुजली नाही ना? पालखीत बसून आला असता. दारात यायचं असतं, धाकट्या. तो आला नाही म्हणजे विचारलं नाही."

"माझ्या तोंडून विचारलं ना."

"तुझं तोंड तुझं आहे. त्याचं नाही." मग खांदे पाडून म्हणाला, "आता देवाच्या घरात सांगून बसलास. गाव नाही म्हणायचा नाही."

दादाचा स्वभावच असा. फुलात आधी किडा शोधतो.

शनिवार

गावानं धन्याचा गहू कापला. सगळी घरं. हवा कोरडी, वारा नाही.

(पिंप आलं, पण ते पाठवणारं कुणी आलं नाही. तो प्रेमाचा प्रश्न विचारायला कुणी नव्हतं, म्हणून वुल्नॉथनं स्वतःच घोगरा आवाज काढून विचारला आणि स्वतःच उत्तर दिलं. सगळे हसले. दादा सोडून. हे खरं पाल्हाळ आहे, सवडीनं खरवडीन.)

सवडीनं खरवडलं.

तिसरं वर्ष. मार्च, उपासाचा महिना

कोल्डहॅमचा पाद्री वारला. हॅमो स्वतः सांगायला आले. धनी कधीचे दूर लढाईवर, पण पत्र जाईल. "तुझं नाव मी घातलंय," म्हणाले. मी त्यांचा हात धरला, सोडलाच नाही. त्यांनी हळूच सोडवून घेतला आणि नवकाकरीच्या सोंगट्या मांडल्या. मी पुन्हा जिंकलो.

वहिनीला बातमी सांगितली. ती म्हणाली, "दगडी घर! भावोजी, मग आमच्याकडे कशाला याल?" मी म्हणालो, दर रविवारी सफरचंदं घेऊन येईन. दादा कोपऱ्यात विळ्याला मूठ बसवत होता. मूठ ठोकून झाल्यावर म्हणाला, "बापाला आवडलं असतं." तेवढंच. मला रात्रभर पुरलं.

ऑगस्ट, शुक्रवार

यंदा पावसानं पिच्छा सोडला नाही. आठवड्यातून एखादा दिवस ऊन पडतं. उद्याचा तसा दिसतोय. हॅमोंनी निरोप पाठवला: पूजेत सांगायची गरज नाही, सकाळी घंटा वाजवली की पुरे, लोकांना माहीतच आहे.

संध्याकाळी दादा घंटेच्या मनोऱ्याखाली येऊन उभा राहिला. "अजून कुणी विचारलं नाही."

"आता काय विचारायचं त्यात? दरवर्षीचंच आहे."

"माझं जव पिकलंय, धाकट्या. उद्याचं ऊन एकच आहे."

"पुढच्या शनिवारी कापा. सगळा गाव मदतीला येईल. मी जामीन."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. चाळिशीचा माणूस, पण बापासारखा दिसायला लागलाय. "गढीसाठी नाही येत," तो म्हणाला. "तू आहेस म्हणून येतो. बाकीचेही तसेच येतील. ध्यानात ठेव."

हे शब्द मला फार आवडले, म्हणून लिहून ठेवले.

शनिवार

घंटा वाजवली. सगळा गाव धन्याच्या गव्हात. नेहमीप्रमाणे.

पुढचा शनिवार

सहा दिवस पाऊस. वहिनीनं मला शेतात नेलं, एक कणीस तोडून तळहातावर ठेवलं. दाण्यांना उभ्या कणसातच मोड आले होते. हिरवे, मऊ. याची भाकरी होत नाही.

"जामीन होतात ना तुम्ही?" ती म्हणाली. चिडून नाही. खरोखर विचारत होती.

मी तडक गढीवर गेलो. हॅमोंनी पूर्ण ऐकून घेतलं. फार हळहळले. भावाला दोन पोती ओट्स पाठवतो म्हणाले. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुझी ती वही दे बरं थोडे दिवस. धन्याच्या बहिणीला वाचून दाखवायची आहे. गावाकडचं खरं लिखाण तिला आवडतं." मी घरून आणून दिली. या प्रसंगातही कुणाला माझं लिखाण आठवावं, याचं बरं वाटलं. हे चूक आहे का, कळत नाही. हे आणि यापुढचं सुट्या पानांवर लिहितो आहे.

सप्टेंबर, शनिवार

सकाळी गढीवरून शिंग वाजलं. वाटाण्याच्या काढणीसाठी. कुणी विचारलं नव्हतं, मलासुद्धा नाही. दादानं शिंगाकडे पाठ केली आणि उरलंसुरलं जव कापायला गेला. त्याच्यामागे अख्खा गाव गेला. गढीच्या वाटाण्यात एक माणूस नाही.

हॅमो रागावले असतील असं वाटलं होतं. भेटले, तर हसून म्हणाले, "बरं झालं."

सप्टेंबर अखेर, संत मायकेलच्या सणानंतरचा दुसरा दिवस

जसं घडलं तसं लिहितो.

आज गढीच्या दालनात कचेरी भरली. धन्याच्या जागी हॅमो. समोर गावाचे बारा पंच. त्यांत पहिला दादा, शेवटचा वुल्नॉथ. मी शुभवर्तमानाची पोथी धरून उभा, कारण शपथ तिच्यावरच होते.

हॅमोंनी आरोप सांगितला: गावानं कापणीतली शनिवारची वेठ चुकवली.

वुल्नॉथ ओरडला, "कसली वेठ? माझ्या आज्यापासून शनिवार आमचाय!"

"तुमची रीत तुम्हीच शपथेवर सांगा," हॅमो म्हणाले. ते नेहमी इतकेच सौम्य बोलतात.

बाराही जणांनी मी धरलेल्या पोथीवर हात ठेवला. दादाचा हात सगळ्यांत वर. मोठा, भेगाळलेला हात. तो म्हणाला, "शनिवारचं काम आम्ही प्रेमानं केलं. देणं म्हणून कधी नाही. देव साक्षी."

आणि हॅमोंनी गादीखालून माझी वही काढली.

ती त्यांच्या हातात बघून मला आधी आनंद झाला. देवाशपथ, आनंद झाला. वाटलं, आता ते दाखवून देतील.

"पाद्रीबाबा, अक्षर तुमचं?" त्यांनी मला पहिल्यांदाच पाद्रीबाबा म्हटलं.

"माझं."

"यात खोटं काही लिहिलंय?"

"नाही."

त्यांनी वाचलं. आधी लॅटिन, मग आमच्या बोलीत, सावकाश, सगळ्यांना कळेल असं. "'घंटा वाजवली. सगळा गाव धन्याच्या गव्हात. नेहमीप्रमाणे.'" मग मागचं वर्ष: "'सगळी घरं.'" मग त्याच्याही मागचं: "'शनिवारी गावानं धन्याचा गहू कापला. हवा चांगली.'" वही मिटून म्हणाले, "तीन वर्षं. कुठे प्रेमाचा उल्लेख आहे, पाद्रीबाबा? मला सापडला नाही."

"होता!" मी ओरडलो. "पहिल्या कापणीच्या पानावर सगळं होतं. मी ते खरवडलं."

"का?"

"तुम्ही सांगितलंत म्हणून!"

"मी म्हणालो, भाषा सुधार. साक्ष पुस असं म्हणालो?"

नव्हते म्हणाले. मला प्रत्येक शब्द आठवत होता आणि त्यात तो शब्द नव्हता.

"यंदाच्या शुक्रवारचं वाचा," मी म्हणालो. "भावाचं बोलणं लिहिलंय मी."

"वाचतो की. 'अजून कुणी विचारलं नाही.'" त्यांनी मान वर केली. "हा पंच सीवर्ड स्वतः म्हणतो, कुणी विचारलं नव्हतं. तरी आला. न विचारता येतात त्याला वेठच म्हणतात ना?"

बोललेलं एकीकडे, लिहिलेलं एकीकडे, आणि लिहिलेलं गावाच्याच माणसाच्या हातचं. दोघांतलं कुठलं जड, हे आमच्याकडे दुधखुळ्यालाही कळतं.

निकाल झाला. कापणीतला शनिवार यापुढे वेठ, मुलांच्या मुलांपर्यंत. पंचांची शपथ खोटी. आणि पहिला पंच सीवर्ड याची शपथ यापुढे कुठल्याही कचेरीत कुणी घेऊ नये.

आमच्यासारख्यांकडे असतं काय? जमीन धन्याची, बैल धन्याचे, आम्हीसुद्धा धन्याचे. एक शब्द तेवढा स्वतःचा. बांधाचं भांडण असो, चोरीचा आळ असो, सीवर्ड शपथेवर बोलला की गाव ऐकायचा. तो शब्द आज माझ्या अक्षरानं मारला.

दादानं पोथीवरून हात काढला. माझ्या बोटांना त्याची बोटं लागली, गार. माझ्याकडे बघितलं नाही. लंगडत बाहेर गेला.

वुल्नॉथनं मात्र बघितलं. म्हणाला, "बाबा, केसानं गळा कापलात." मला म्हणायचं होतं, माझाही कापलाय. पण त्याला आता काय अर्थ?

दोन दिवसांनी

हॅमोंनी वही परत पाठवली आणि तिच्यासोबत कोल्डहॅमचं पत्र. लाल लाखेचं, धन्याच्या शिक्क्याचं. चर्च माझं. दगडी घर, बाग, सगळं.

मी गढीवर गेलो. ते शेकोटीजवळ बसले होते.

"माझ्याशी असं का केलंत?" मी विचारलं. शिव्या पाठ करून गेलो होतो, निघालं एवढंच.

"तुझ्याशी?" त्यांना खरंच नवल वाटलं. "तुझ्यासाठी तर पत्र आणलं. अरे, मीही चाकर आहे. धन्याचं शेत वाढलंय, हात वाढले नाहीत. मला शनिवार हवा होता. मारून घेतला असता तर दोन घरं पेटली असती. असा घेतला, कुणाचं नाक फुटलं नाही. बस, डाव टाकू."

का कोण जाणे, मी बसलो. अकरा चालींत हरलो. दुसरा डाव नऊ चालींत. माझ्या सोंगट्या कुठे अडतात, हे त्यांना माझ्या आधी दिसत होतं. अडीच वर्षं दिसत होतं.

पत्र पटावर ठेवून उठलो. "मैत्री काहीच नव्हती?" दारातून विचारलं.

ते विचारात पडले. "होती की," म्हणाले. "तुझं लॅटिन सुधारलं ना?"

मला त्यांचा गळा धरावासा वाटला. धरला नाही. पाद्री आहे म्हणून नव्हे, भित्रा आहे म्हणून.

नोव्हेंबर, संत मार्टिनचा सण

पूजेत शांतीची पाटी फिरते. प्रत्येकानं तिचं चुंबन घ्यायचं आणि शेजाऱ्याकडे द्यायची, म्हणजे मनात कुणाविषयी कडू नाही. सात रविवार दादा ती ओठांना न लावता पुढे देतो. माझ्या हातची पाटी आहे ना.

त्यांच्या दारावरून गेलो. वहिनीनं दार लावलं नाही, पण ये असंही म्हणाली नाही. त्यांची चूल मोडाच्या जवाच्या लापशीवर चालली आहे. गढीचे ओट्स दादानं फाटकाबाहेर ठेवून दिले होते, डुकरांनी खाल्ले.

खडू पुसून, पान तिरकं धरून, उजेडात बघितलं. खरवडलेली अक्षरं अंधुक दिसतात. 'प्रेमानं!' दिसतं. वुल्नॉथची बिअर दिसते. पहिल्या कापणीचं पान आणि दुसऱ्या वर्षीच्या कंसातल्या ओळी पुन्हा लिहिल्या. आता ते कुणाच्याच उपयोगाचं नाही.

चौथं वर्ष. ऑगस्ट, नव्या भाकरीच्या सणानंतरचा शनिवार

शनिवारची घंटा मी वाजवत नाही. त्यांचं शिंग आहे. ते वाजलं आणि गाव विळे घेऊन धन्याच्या गव्हाकडे गेला. कुणी गात नव्हतं. दादा सगळ्यांत मागे होता.

मी झगा काढून खुंटीला टांगला, चर्चच्या कोठीतला गंजका विळा घेतला आणि दादाच्या जवाच्या पहिल्या पट्टीत शिरलो.

मी कुळाचा पोरगा. पण तेराव्या वर्षी विळा सुटला तो सुटला. दुपारपर्यंत तळव्यांना फोड आले, फुटले, पुन्हा आले. पाठ वाकली ती सरळ होईना. पेंढ्या बांधल्या त्या उचलल्या की सुटत. तिसऱ्या प्रहरापर्यंत अर्धी पट्टी झाली. मग पाऊण. ऊन उतरायला लागलं तरी थांबलो नाही, कारण थांबलो असतो तर बसलो असतो आणि बसलो असतो तर रडलो असतो.

दादा-वहिनी परत आली तेव्हा मी त्या पट्टीच्या शेवटच्या ओळीत होतो. दादा बांधावर उभा राहिला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघत राहिला.

"हे काय केलंस?" तो म्हणाला. दहा महिन्यांत मला उद्देशून पहिला शब्द. "उंदरांनी कुरतडल्यागत दिसतंय."

"विळा बोथट होता."

"विळा?" वहिनी म्हणाली आणि तोंडावर डोक्याच्या फडक्याचं टोक धरून वळली. हसत होती की काय, दिसलं नाही.

तिनं बुधलीतून बिअरचा मग भरला. दादानं तो हातात घेतला, पण मला दिला नाही. माझ्या तळव्यांकडे बघितलं, मग तोंडाकडे. आणि ज्याला दुसऱ्याचं काम हवं असतं त्यानं काढावी, तशी डोक्यावरची टोपी काढली.

"प्रेमानं आलास," त्यानं विचारलं, "की देणं लागतोस म्हणून?"

उत्तर काय द्यायचं, ते मला लहानपणापासून पाठ आहे. जिभेवर आलंही होतं. पण समोर तो पाय होता. पाच हिवाळे होते. तो हात होता, माझ्या पोथीवर ठेवलेला.

"देणं लागतो म्हणून," मी म्हणालो.

दादानं मान डोलावली. टोपी डोक्यावर घातली आणि बिअरचा मग स्वतःच रिकामा केला, एका दमात.

"मग बिअर नाही," तो म्हणाला. "पुढच्या शनिवारी ये. विळ्याला धार लावून."

तिसरा शनिवार

दादाच्या जवात. नेहमीप्रमाणे.